दही न लागणारी खोली

१

निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, भजनी मंडळात जातात, नाहीतर शेजाऱ्यांच्या भानगडीत पडतात. मी घराला मीटर लावतो.

माझी सगळी नोकरी समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात गेली, किरणोत्सर्ग सुरक्षा विभागात. कुठल्या खोलीत किरण किती आहेत, तिथं माणसानं किती वेळ थांबावं आणि कुठं अजिबात थांबू नये, हे सांगणं माझं काम. निवृत्त होऊन सोलापुरात परत आलो, जुळे सोलापूर भागात लहानसं घर बांधलं, तरी हात मोकळा राहीना. म्हणून मुठीत मावेल असं एक साधं किरणमापक मागवून घेतलं. दुपारच्या चहाच्या आधी ते चालू करायचं आणि घरभर एक फेरी मारायची. टक्. टक् टक्. मग थोडं थांबून पुन्हा टक्.

पहिल्यांदा ऐकणारा घाबरतो. मी त्याला सांगतो, घाबरू नका, हा जगाचा रोजचा आवाज आहे. माती, दगड, विटा, वरचं आभाळ, सगळीकडून थोडं थोडं येतच असतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यापाशी टकटक जरा दाट होते, अंगणात लिंबाखाली जरा विरळ. एवढाच काय तो फरक. रोज तोच. पण रोज तोच आहे हे रोज बघितल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

"निघाली बघा स्वारी," ईरम्मा म्हणायची. ईरम्मा माझी बायको, अक्कलकोटकडची. कानडी तिच्या तोंडातून कधी गेली नाही आणि माझी चेष्टा करायची संधी तिनं कधी सोडली नाही. "लोक देवापुढं घंटी वाजवतात. आमचे साहेब भिंतीपुढं."

"भिंत उत्तर देते."

"अन् देव देत न्हाय?"

"तो तुझ्याकडं बघतो. मला भिंतच बरी."

ती हसून चहात आलं किसायला घ्यायची. तीस-पस्तीस वर्षं आमचं असंच चाललेलं आहे, आणि खरं सांगायचं तर मला यापेक्षा जास्त काही नको होतं.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मी मागच्या खोलीत शिरलो आणि खिडकीशेजारच्या कोपऱ्यापाशी मीटर गप्प झालं.

२

मागची खोली आम्ही ऋतुजासाठी ठेवली होती. ऋतुजा आमची एकुलती एक लेक. पुण्यात कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवते. तिला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मेमध्ये ती यायची होती. ईरम्मानं खोली दोनदा धुऊन काढली होती. पोपटी रंग मी निवडला. नवा पंखा बसवला.

तिचा रोज दुपारी फोन यायचा. सुरुवात तिच्या अव्वाशी, ईरम्माशी, म्हणजे काय खाल्लं, पाय सुजलेत का, झोप लागते का. मग फोन माझ्याकडं, आणि आमचं भांडण सुरू. ती एका व्याख्यानाची तयारी करत होती. विषय होता अणुवीज केंद्रातल्या अपघातांचा लांबवरचा धोका, आणि तो मोजायचा कसा. आयुष्यभर तेच मोजणारा बाप घरात असल्यावर ती मला थोडीच सोडते?

"अप्पा, मोठा अपघात दहा लाख वर्षांत एकदा असं तुम्ही लोक सांगता. तुमच्या नोकरीच्या काळातच दोन झाले की."

"ते एका अणुभट्टीमागं गं. भट्ट्या जगात शेकडो आहेत. शिवाय माणसं ठरल्याप्रमाणं वागतील आणि समुद्र ठरलेल्या उंचीच्या वर येणार नाही, असं धरून काढलेलं गणित ते."

"म्हणजे गणित चूक?"

"गणित बरोबर. धरलेलं चूक."

"व्वा. हे मी लिहून घेते."

"हे पण लिही. कोळशाच्या धुरानं दरवर्षी किती माणसं जातात? आपापल्या अंथरुणात खोकत जातात. त्यांची तारीख नसते, म्हणून बातमी नसते."

"मान्य. पण धूर थांबवला तर हवा काही वर्षांत निवळते. त्या दोन अपघातांजवळची गावं अजून ओस आहेत. शक्यता गुणिले नुकसान, हे तुमचं सूत्र. नुकसान तीनशे वर्षं टिकणारं असलं, तर गुणाकार करणारा माणूस तीनशे वर्षं कुठं असतो?"

मग मी म्हणायचो, "तू आधी दूध पी." ती तिकडून हसायची आणि ईरम्मा इकडून. भांडण तिथं संपायचं.

त्या दिवशी मात्र फोनवर माझं लक्ष नव्हतं. मी मीटर हातात धरून मागच्या खोलीच्या दारात उभा होतो. दारात टक् टक्. आत दोन पावलं टाकली, टक्. कोपऱ्यात हात लांब केला, काही नाही.

"अप्पा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो. पण मी दुसरंच काहीतरी ऐकत होतो.

३

मी शिकलेला माणूस आहे. पहिली शंका यंत्रावर घ्यायची असते.

सात रस्ता चौकात राजेसाब म्हणून एक जण इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करतात. माझ्याच वयाचे, जुने ओळखीचे. त्यांनी मीटर उघडलं, नळी तपासली, बॅटरी बदलली, काउंटरवर ठेवून चालू केलं. टक्. टक् टक्.

"सर, मशीन तर ठणठणीत आहे. तुम्हाला कुठं बंद पडलं?"

"घरात. एका कोपऱ्यात."

"कोपऱ्यात जास्त दाखवलं तर काळजी. कमी दाखवलं तर चांगलंच की!"

सगळेच असं म्हणाले असते. मीही म्हणालो असतो. पण घरी येऊन पुन्हा लावून बघितलं. पंख्याखाली टकटक, दारात टकटक, कोपऱ्यात शांत. खुर्ची टाकून बसलो आणि ईरम्मानं चहाला हाक मारेपर्यंत नुसता ऐकत राहिलो. एकही नाही.

भिंतीत शिसं भरलं तरी असं होत नाही. आभाळातून येणारे किरण छतातून, भिंतीतून, माणसातून आरपार जातात. ते अडवायचे तर डोंगराच्या पोटात खोल उतरावं लागतं. आणि इथं तर उघडी खिडकी, बाहेर सोलापूरचं पांढरंफेक ऊन आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया.

दुसरी गोष्ट तेव्हा लक्षात आली. बाहेर अंगाची लाही होत होती आणि त्या कोपऱ्यात गार होतं. वाळ्याच्या पडद्याचा असतो तसा ओलसर गारवा नव्हे. कुणी कधी वापरलेलीच नसावी अशा जागेचा गारवा.

४

ईरम्माला ती जागा माझ्या आधीच सापडली होती, हे मला नंतर कळलं.

"अहो, फ्रिजपेक्षा भारी आहे ती," तिनं मला कौतुकानं सांगितलं. "परवा वीज गेली तेव्हा दुधाचं पातेलं तिथं ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत नासलं न्हाय. मोगऱ्याचा गजरा ठेवला, तर दुसऱ्या दिवशी तस्साच. मुंग्यासुद्धा येत नाहीत तिथं."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"तुमी मीटर लावून पळवून लावाल म्हणून."

मी हसलो नाही तशी ती जरा थांबली. मग हात पुसत म्हणाली, "एकच गोष्ट होत न्हाय बघा. दही लागत न्हाय."

"म्हणजे?"

"काल विरजण लावून तिथं ठेवलं. सकाळी बघते तर दूध जसंच्या तसं. आज इकडं ओट्यावर ठेवलंय. लागतंय का बघू."

आम्ही दोघांनी जाऊन बघितलं. ओट्यावरच्या त्याच पातेल्यात दही लागायला लागलं होतं. म्हणजे विरजण मेलं नव्हतं. रात्रभर ते नुसतं थांबून राहिलं होतं.

ईरम्मा खुशीत होती. मी तिच्याकडं बघत होतो. माझ्या मनात एक सरळ हिशेब मांडला जात होता आणि मला तो नको होता. दूध नासत नाही. फूल सुकत नाही. मुंगी फिरकत नाही. अणूसुद्धा फुटत नाही. आणि दही लागत नाही.

मी तिला विचारलं, "दुपारी तू कुठं झोपतेस हल्ली?"

"तिथंच की," ती म्हणाली. "इतकं बरं वाटतं."

५

दुसऱ्या दुपारी मी दाराशी बसून राहिलो. ईरम्मा कोपऱ्यात चटई टाकून कुशीवर निजली होती, एक हात उशाखाली, तिची लहानपणापासूनची सवय. मी एकदा तिच्याकडं बघायचो, एकदा दुसरीकडं. बघवत नव्हतं असं नाही. पण तिची छाती हलते का, हे खूप वेळ टक लावून बघितलं, तर जे दिसेल ते मला पक्कं करायचं नव्हतं.

शेवटी मी हाक मारली. ती लगेच उठली. डोळ्यांत झोप नाही, गालावर उशीचा वळ नाही.

"आत्ताच तर पडले होते," ती म्हणाली. बाहेर ऊन उतरलं होतं.

"स्वप्न पडलं काही?"

"न्हाय." तिनं थोडा विचार केला. "स्वप्न पडायला काहीतरी व्हावं लागतं ना? तिथं कुणाला काहीच होत न्हाय."

"कुणाला? कोण आहे तिथं?"

ती माझ्याकडं बघून हसली. "मी सांगितलं ना, कुणाला काही होत न्हाय म्हणून. चहा टाकू?"

त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, ऋतूची खाट मागच्या खोलीत नको. बाहेर हॉलमध्ये टाकू.

"का? सगळ्यात गार खोली ती. पोर उन्हानं हैराण होऊन येणार. काय धोका आहे तिथं?"

"धोका काहीच नाही."

"मग?"

"धोका नाही, म्हणूनच."

तिनं कमरेवर हात ठेवले. "सिद्धराम मास्तर," ती फार चिडली की मला असं म्हणते, "आयुष्यभर लोकांना सांगत फिरलात, आकडा कमी आला की भिऊ नका. आता आकडा शून्य आला तर तुमीच भिताय? काय सांगू मी लेकीला? बाप पेन्शनीत गेला अन् डोकं पण गेलं?"

माझ्याकडं पुरावा नव्हता. होतं ते सगळं उलट बाजूचं होतं. मोजता येईल अशा प्रत्येक मापानं तो कोपरा आमच्या घरातली, कदाचित सबंध सोलापुरातली सगळ्यात सुरक्षित जागा होती. नोकरीत असतो आणि कुणी असा कागद माझ्यासमोर ठेवला असता, तर मी न बोलता सही केली असती.

तरी मी खाट हॉलमध्ये टाकली. ईरम्मा दोन दिवस माझ्याशी फक्त कानडीत बोलली. पण खाट तिनं हलवली नाही. माझं म्हणणं पटलं नाही, तरी माझी भीती तिला दिसली होती.

६

ऋतुजा आली आणि घर भरलं. जावईबापू गाडीतून सोडून, जेवून, संध्याकाळी परत गेले. पोटावर हात ठेवून ती घरभर फिरली, अंगणातल्या लिंबाला हात लावून आली, कडक भाकरी मोडून दुधात कुस्करून खाल्ली आणि खाटेवर पसरून म्हणाली, "हां, अप्पा, आता बोला. समोरासमोर."

आम्ही बोललो. ती भांडताना फार गोड दिसते. लहानपणीही दिसायची.

"अप्पा, लोकांना भीती वाटते ती किरणांची नसते," ती म्हणाली. "दिसत नाही, वास येत नाही, आणि कुणीतरी दुसरा सांगणार की तुम्ही ठीक आहात, याची असते. आपल्या अंगालासुद्धा आपल्याला विचारता येत नाही."

"मग त्यांनी काय करावं? भीती वाटते म्हणून प्रत्येक गोष्ट बंद करावी?"

"ते मला माहीत नाही. पण नुसतं वाटतं, हा पुरावाच नव्हे असं तुम्ही म्हणायचात. अजून म्हणता?"

मी मागच्या खोलीच्या बंद दाराकडं बघितलं. "नाही," मी म्हणालो. "आता म्हणत नाही."

ती चकित झाली. इतक्या वर्षांत एवढ्या सहज मी कधी हरलो नव्हतो.

त्या दाराला कुलूप लावायचं माझ्या मनात होतं. पण काय सांगून लावणार? नुसतं लोटून ठेवलं आणि म्हणालो, भिंतीला वाळवी आहे, औषध मारलंय, आत जाऊ नको. ती बरं म्हणाली. माझी लेक खोटं चटकन ओळखते, पण बापाचं मन मोडत नाही.

मे महिना चढत गेला. दुपारी हॉलमधला कूलर नुसता ओला फुफाटा फेकायचा. ऋतूला बसवेना, पडवेना. ती ओला रुमाल मानेवर ठेवून उसासे टाकायची. मग एके दिवशी मी तिच्यासाठी ताडगोळे आणायला बाहेर पडलो.

७

परत आलो तेव्हा हॉलमधली खाट रिकामी होती.

स्वयंपाकघरातून शेंगाची चटणी कुटण्याचा आवाज येत होता. धप्, धप्, आणि मधेच ईरम्माच्या बांगड्या. मी विचारणार होतो, ऋतू कुठं आहे. पण मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं दिसलं.

दारात उभं राहून मी आत बघितलं. खिडकीतून ऊन जमिनीवर पडलं होतं. पंखा गरगरत होता. त्याच्या वाऱ्यानं चटईचा अलीकडचा काठ उडत होता. पलीकडचा काठ स्थिर होता, जणू मधे एक रेघ होती आणि वारा तिथं संपत होता. रेघेच्या पलीकडं ऋतू डाव्या कुशीवर निजली होती. केसांची एक बट गालावर आलेली. ती हलत नव्हती. ओढणी हलत नव्हती. छाती हलत नव्हती. पोट हलत नव्हतं.

तिच्या चेहऱ्यावर जराही त्रास नव्हता. ते मला सगळ्यात असह्य झालं.

मी एक पाऊल आत टाकलं आणि चटणी कुटण्याचा आवाज गेला. थांबला नाही, गेला. पंख्याचा गेला, रस्त्यावरच्या रिक्षांचा गेला, माझ्या श्वासाचाही गेला. मी तिला हाक मारली. तोंड उघडलेलं मला जाणवलं, आवाज आला नाही.

आणि तेव्हा दिसलं. तिच्या मागं भिंत असायला हवी होती, मी निवडलेल्या पोपटी रंगाची. भिंत नव्हती. खोली पुढं जात होती. किती पुढं, ते मला सांगता येणार नाही, कारण मी शेवटपर्यंत बघितलं नाही. अंधार नव्हता, उजेडही म्हणता येणार नाही. तिथं माणसं निजली होती, कुशीवर, एकाशेजारी एक, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन. कुणालाही काही होत नव्हतं.

ऋतूच्या अगदी लगत जी होती, तिच्या अंगावर पांघरूण नव्हतं. हिरवी इरकल होती, बारीक चौकड्याची. ती साडी त्या सकाळी मीच दोरीवर वाळत घातली होती. एक हात उशाखाली. नाकात खड्याची चमकी. ओठ किंचित उघडे, झोपेत बोलायच्या बेतात असल्यासारखे.

मी पाऊल मागं घेतलं, माझ्याही नकळत. स्वयंपाकघरातून आवाज आला. धप्, धप्, आणि बांगड्या.

पुढचं मी ठरवून केलं नाही. उंबऱ्यावर गुडघे टेकले, आत हात घातला आणि ऋतूचं मनगट पकडलं. ते थंड नव्हतं, गरमही नव्हतं. जोर लावून ओढलं. चटईसकट ती माझ्याकडं घसरत आली, तिचे केस वाऱ्यानं उडाले, आणि तिनं दचकून मोठा श्वास घेतला, पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं तसा.

"अप्पा! काय हो? आत्ता तर टेकले होते जरा!"

मी तिला धरून बसलो. ईरम्मा मिरचीचे हात तसेच घेऊन धावत आली.

"येनातु? काय झालं?"

मी तिच्याकडं बघितलं. निळं सुती पातळ, कपाळावर घाम, नाकात चमकी. मग मान वळवून खोलीत बघितलं. पोपटी भिंत. रिकामा कोपरा.

"डॉक्टरकडं चला," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता."

८

डॉक्टर जोया आमच्या कॉलनीतल्याच. वयानं ऋतूहून थोड्याच मोठ्या. त्यांनी पोटावर यंत्र फिरवलं. सुरुवातीला नुसती खरखर. मी भिंतीला टेकून उभा होतो. ईरम्मानं माझी बाही घट्ट धरली होती. मग एकदम आवाज लागला, घोडा दुडक्या चालीनं यावा तसा.

"अगदी छान आहे," डॉक्टर म्हणाल्या. "काका, तुम्हीच बसा आधी. पाणी देऊ?"

मुलगी झाली. दिलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर, पण पहिलटकरणीला असं होतं म्हणाल्या. रडली ती अशी की शेजारचे बघायला आले. कुणाच्या रडण्याचं इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

मागच्या खोलीला मी डॉक्टरकडून परत आलो त्याच दिवशी कुलूप लावलं होतं. कारण कुणी विचारलं नाही.

पावसाळा सरल्यावर ऋतू बाळाला घेऊन पुण्याला गेली. आमचं आधीपासून ठरलं होतं की बाळ झालं की आम्ही दोघांनीही तिकडं जायचं, घर भाड्यानं द्यायचं. तिनं तिकडं आमच्यासाठी खोली तयार ठेवली होती. मी आज-उद्या करत राहिलो. शेवटी एका दुपारी तिनं फोनवर सरळ विचारलं.

"अप्पा, येत का नाही तुम्ही? अव्वाचं मन आहे, तुमचंच अडतंय. काय आहे त्या घरात?"

मी तिला सांगितलं, गुडघे दुखतात, पुण्याची थंडी सोसणार नाही. तिला पटलं नाही. पण तिनं विषय बदलला.

"व्याख्यान झालं परवा. चांगलं झालं. शेवटी एका मुलीनं विचारलं, मॅडम, मग धोका घ्यावा की नाही? मी म्हटलं, दोन्ही बाजू तुमच्यासमोर ठेवल्यात. तिचं समाधान झालं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणालो, "तिला सांग, आकडे सगळे नीट बघ. कोळशाचेही बघ. ते खोटे नसतात. पण शेवटी एवढं विचार, की काही बिघडलं तर तिथं राहायला कोण तयार आहे. पळून न जाता. आपल्यानंतर कोण, त्याच्यानंतर कोण. याचं उत्तर ज्याच्याकडं असेल त्यानं घ्यावा."

"अप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा आहे. बाळाला दूध पाज."

रोज दुपारी आता मी मीटरची फेरी मारत नाही. हॉलमधली खुर्ची उचलून मागच्या खोलीच्या बंद दाराशी नेतो आणि बसतो. थोडं बोलतो. विशेष काही नाही. आज बाजारात मेथी आली, बाळाला दात येतोय, समोरच्यांनी नवी गाडी घेतली. इतकी वर्षं ज्या गोष्टी दुपारी बोलत आलो, त्याच. दाराला कान लावत नाही. उत्तर येत नाही, आणि येऊ नये असंच मला वाटतं. पण हिरव्या इरकलीतल्या तिला तिथं एकटीला सोडून पुण्याला जाणं मला जमणार नाही.

ईरम्माला मी यातलं काहीही सांगितलेलं नाही. ती आहे तशीच आहे. चेष्टा करते, चिडते, रात्री पाय दुखतात म्हणते. फक्त कधीतरी भाजी चिरताना थांबते आणि काहीतरी विसरल्यासारखी मागच्या बाजूला बघते.

परवा मी असाच बसलो होतो. मागून पावलं वाजली. ईरम्मा स्वयंपाकघरातला पाट घेऊन आली होती. माझ्या खुर्चीशेजारी तो टाकून बसली, दाराकडं तोंड करून. काय करताय म्हणून विचारलं नाही. मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ती भीत न्हाय ना हो आत?"

तिचा हात उबदार होता, नेहमीसारखा खरखरीत, आणि मी त्यावर माझा हात ठेवला.

"नाही," मी म्हणालो. "झोपलीय."

"मग हळू बोला की," ईरम्मा म्हणाली.